वाचायला शिकवण्याचा लिहिलेला पाठ हा शिक्षकाचा अपमान नाही

शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाद ठराविक दिवसांनी परत उकळतो. कुणीतरी एखाद्या हस्तपुस्तिकेच्या पानाचा फोटो टाकतं, त्यात पहिलीच्या वर्गात बाईंनी काय बोलायचं, बोट कुठे ठेवायचं, कुठे थांबायचं, मुलांनी काय म्हणायचं हे ओळीओळीनं लिहिलेलं असतं, आणि मग दिवसभर मेसेज. एका बाजूचं म्हणणं, शिक्षकाचा पोस्टमन करून टाकला, वरून आलेलं पाकीट खाली वाटायचं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, नीट शिकवलं असतं तर ही वेळच आली नसती. पण तो पाठ घेतल्यावर मुलं खरंच वाचायला लागतात का, हे कुणी विचारत नाही. सगळं भांडण मोठ्या माणसांच्या मानापमानाचं, आणि ज्याच्यासाठी हे चाललंय ते सहा वर्षांचं पोर त्यात कुठेच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिली-दुसरीत वाचायला शिकवताना अक्षरांचा क्रम ठरलेला, बोलायची वाक्यं ठरलेली आणि आधी खऱ्या मुलांवर करून पाहिलेला पाठ शिक्षकाच्या हातात असलाच पाहिजे, आणि ज्यांच्या घरात कॅलेंडर सोडून वाचायला काही नाही त्या मुलांना तर तो आधी मिळाला पाहिजे.

हे मी पुस्तकं वाचून बोलत नाहीये. गेली काही वर्षं मी एका जिल्हा परिषद शाळेत आठवड्यातून तीन दिवस, एकेक तास, मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवते. पहिल्या वर्षी मी तयार पाठांच्या पूर्ण विरोधात होते. चित्रांची पुस्तकं नेली, गोष्टी सांगितल्या, मुलांना पुस्तकं हाताळू दिली, वर्ग आनंदात असायचा आणि मला वाटायचं की वाचन आता आपोआप येईल. फेब्रुवारीत तिसरीतला एक मुलगा मला पान वाचून दाखवत होता. नदीकाठी पसरलेल्या जनावराचं चित्र, खाली लिहिलेलं 'मगर', आणि तो खणखणीत आवाजात म्हणाला 'सुसर'. मी चित्रावर हात ठेवला आणि म्हटलं, आता वाच. तो अक्षरांकडे बघत राहिला, मग माझ्या तोंडाकडे. म, ग, र. तीन अक्षरं, ना काना ना वेलांटी, आणि त्याला त्यातलं एकही येत नव्हतं. वर्षभर तो चित्रं वाचत होता आणि मी त्याला शाबासकी देत होते. त्याचं ते वर्ष माझ्यामुळे गेलं, आणि त्याच्या घरी ते भरून काढणारं कुणी नव्हतं.

आता हा एकट्याचा किस्सा आहे का? 'प्रथम' संस्थेची असर नावाची पाहणी २००५ पासून गावोगावी घरोघरी जाऊन हेच तपासते, मुलासमोर कागद ठेवून वाच म्हणते. २०२२ ला देशभरातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या १०० पैकी साधारण ४३ मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. २०२४ ला तो आकडा ४९ च्या आसपास आला, आणि आपण सुधारणा झाली म्हणून आनंद मानला. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं पाचवीत बसून दुसरीचं वाचू शकत नाहीत, आणि त्याच मुलांना आपण परिसर अभ्यास नि इतिहासाची पुस्तकं वाटतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या निपुण भारत या कार्यक्रमात उद्दिष्ट ठेवलंय की २०२६-२७ पर्यंत तिसरीपर्यंतचं प्रत्येक मूल समजून वाचेल. उद्दिष्ट चांगलं आहे, पण सोमवारी सकाळी अकरा वाजता पहिलीच्या वर्गात उभ्या असलेल्या बाईंनी नेमकं काय करायचं, हे उद्दिष्टातून कळत नाही.

यावर एक उत्तर नेहमी येतं की हे सगळं इंग्रजीचं दुखणं आहे, मराठी कशी जशी बोलतो तशी लिहितो, मुळाक्षरं आली की झालं. हे मोठ्यांना वाटतं कारण मोठ्यांना आपण कसे शिकलो ते आठवत नाही. व्यंजनं ३४, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे ४०८ रूपं झाली, आणि अजून जोडाक्षरांना हातही लावलेला नाही. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची, त्यामुळे 'कि' समोर आलं की मूल सरळ 'इक' वाचतं, त्याच्या बाजूनं ते बरोबरच आहे. 'चाक' आणि 'चार' यातला च एकच दिसतो आणि वेगळा ऐकू येतो. सूर्यातला र वर बसतो, चक्रातला पोटात, ट्रकमधला खाली. आणि आपण सुरुवात कुठून करतो? क ख ग घ ङ पासून. वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या स्थानावरून लावलेला आहे, शास्त्र म्हणून फार सुंदर आहे, पण तो वाचायला शिकवायचा क्रम कधीच नव्हता. ङ एकटा आलेला शब्द तुम्ही शेवटचा कधी वाचला? याच्या उलट म, क, ल, र ही चारच अक्षरं घ्या आणि सोबत काना घ्या. काम, मका, लाल, कार, मला, मामा, काका, राम. लगेच वाक्य होतं, 'मामाला मका, काकाला कार.' महिन्याभरात मूल वाक्य वाचतं, स्वतः, चित्राशिवाय. फलटणला राहून तिथल्या मराठीवर संशोधन करणाऱ्या आणि तिथेच शाळा उभी करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन आवाज आणि चिन्हाचं नातं मुलांना थेट शिकवा हे मराठीच्या संदर्भात कितीतरी वर्षं सांगत आल्या. आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं असं नाही, ते प्रत्येक वर्गापर्यंत जाईल अशा आकारात कुणी बांधलं नाही.

लिहिलेला पाठ म्हणजे तो आकार. प्रत्यक्षात तो कसा दिसतो हे न बघताच बरेच लोक विरोध करतात म्हणून सांगते. सात-आठ मुलं अर्धगोलात, सगळी साधारण एकाच पायरीवरची, म्हणजे आधी तपासून बसवलेली. बाई फळ्यावरच्या 'म'खाली बोट ठेवतात, 'आधी मी. मऽ.' मग 'आता सगळे मिळून', मग 'आता फक्त तुम्ही', आणि बोट टेकल्यावरच सगळ्यांनी एकदम म्हणायचं, म्हणजे हुशार मुलाच्या मागून तोंड हलवायला जागा राहत नाही. लगेच दोन मुलांना एकेकटं विचारायचं. एक चुकलं तर रागवायचं नाही, 'नाही' पण म्हणायचं नाही, परत 'आधी मी' पासून, आणि दोन मिनिटांनी त्याच मुलाला तेच अक्षर परत. नवीन गोष्ट फार थोडी, बाकी कालचं आणि परवाचं. हे सगळं वीस-पंचवीस मिनिटं. मी पहिल्यांदा असा पाठ घेतला तेव्हा मला वाटलं होतं मुलं कंटाळतील. कोपऱ्यात बसणारी एक मुलगी, जिचा आवाज मी सहा महिन्यांत ऐकला नव्हता, ती तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या बरोबरीनं ओरडत होती, कारण उत्तर तिला येत होतं.

या पद्धतीमागचं मोठं नाव अमेरिकेतल्या सिगफ्रिड एंगेलमन यांचं. माणूस जाहिरातक्षेत्रातून आलेला, शिक्षणशास्त्राची पदवी नाही. १९६० च्या दशकात इलिनॉयमध्ये गरीब घरातल्या लहान मुलांना शिकवताना त्यांनी एक नियम धरला की मूल चुकलं तर खोट शिकवण्यात शोधायची. पाठ लिहायचा, मुलांसमोर घ्यायचा, मुलं जिथे अडखळतील तिथलं वाक्य बदलायचं, परत घ्यायचा. मग अमेरिकन सरकारनं प्रोजेक्ट फॉलो थ्रू नावाचा प्रचंड मोठा प्रयोग १९६८ च्या सुमारास सुरू केला, गरीब वस्त्यांमधल्या शाळांमध्ये वेगवेगळ्या पद्धती शेजारी शेजारी चालवून बघितल्या. १९७७ ला मूल्यमापन आलं. मूलभूत कौशल्यांत ही लिहिलेल्या पाठांची पद्धत पुढे होती, त्यात नवल नाही. नवल हे की विचार करण्याच्या कौशल्यांत आणि स्वतःबद्दलच्या आत्मविश्वासातही तीच पुढे होती, आणि मुलांचा आत्मविश्वास हेच मुख्य ध्येय मानणाऱ्या पद्धती मागे होत्या. मला यात काही गूढ वाटत नाही. वाचता येणाऱ्या मुलाला स्वतःबद्दल बरं वाटतं.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की त्या मूल्यमापनावर १९७८ मध्येच जोरदार टीका झाली. टीकाकारांचा मुद्दा असा की एकाच पद्धतीच्या दोन गावांमधला फरक दोन पद्धतींमधल्या फरकापेक्षा मोठा होता, म्हणजे कोण राबवतंय आणि कसं यावर फार अवलंबून होतं. हा मुद्दा खरा आहे आणि मी तो मान्य करते. दुसरा त्याहून अलीकडचा आणि माझ्या बाजूला जास्त टोचणारा. २०१८ मध्ये १३ देशांतल्या १९ प्रकल्पांमधल्या शिक्षक-मार्गदर्शिकांचा एक अभ्यास आला. त्यात मार्गदर्शिकांमुळे मुलांचं शिकणं वाढलं, साधारण अर्ध्या वर्षाइतकं, पण शब्द न् शब्द लिहिलेल्या मार्गदर्शिका थोड्या मागे राहिल्या आणि नेमकं सांगणाऱ्या पण सुटसुटीत मार्गदर्शिका पुढे गेल्या. विरोधकांनी हे वाक्य माझ्यासमोर धरावं, त्यांचा हक्क आहे. पण मग त्याच अभ्यासातलं पुढचंही वाचावं. वर्गात जाऊन बघितलं तर शिक्षक यंत्र झालेले दिसले नाहीत, ते पाठात आपापले बदल करत होते, आणि दुर्दैवानं त्यातले पुष्कळ बदल मुलांचा सहभाग कमी करणारे होते. गटानं काम करायचं तिथे बाई स्वतःच बोलत राहिल्या. मी माझ्याकडे बघते तर मीही हेच करते, घाई झाली की एकेकट्याला विचारायचं गाळते. म्हणजे किती लिहावं यावर वाद जरूर घाला, मी ऐकेन. काहीच लिहून देऊ नका या म्हणण्याला मात्र त्या अभ्यासात आधार नाही. केनियात २०१५ पासून तुसोमे कार्यक्रमात देशभरातल्या सरकारी शाळांना असे पाठ दिले, पण सोबत प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तक दिलं आणि वर्गात बसून शिक्षकाला मदत करणारा माणूस दिला. आपल्याकडे हस्तपुस्तिकेची पीडीएफ येते आणि मदतीला येणाऱ्या केंद्रप्रमुखाकडे माहितीचे तक्ते भरून घ्यायचं काम असतं. शिक्षक चिडतात ते बऱ्याचदा यावर चिडतात, आणि ती चीड रास्त आहे.

आता मानाचा प्रश्न. लिहिलेला पाठ म्हणजे शिक्षकाच्या बुद्धीवर अविश्वास, असं म्हणणाऱ्यांना मी विचारते की पाठ टाचण काय असतं? तोही लिहिलेला पाठच की. फरक इतकाच की तो प्रत्येक शिक्षकानं रात्री बसून एकट्यानं लिहायचा, मुलांवर कधी तपासलेला नाही, आणि लाखभर वर्गांमध्ये तेच काम लाखभर वेळा. आणि ज्यांचं नाव घेऊन आपण मोकळ्या बालशिक्षणाबद्दल बोलतो त्या मॉन्टेसोरींकडेच बघा ना. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डीत आणि नंतर कोसबाडला ज्या परंपरेतून काम उभं केलं त्या परंपरेत नवीन शब्द शिकवायचा पाठ तीन पायऱ्यांचा ठरलेला आहे. 'हे गुळगुळीत, हे खरखरीत.' मग 'गुळगुळीत कुठलं ते दाखव.' मग 'हे काय आहे?' मधे एक शब्द जास्तीचा बोलायचा नाही, कारण जास्तीच्या शब्दानं मूल गोंधळतं. हा तयार पाठ नाही तर काय आहे? कुणी म्हटलं का की यानं ताराबाईंचा पोस्टमन झाला? गाण्याचे गुरू पलटे ठरवून देतात, टायपिंगच्या क्लासला आठ बोटं आठ कळांवर ठेवूनच सुरुवात होते, तिथे कुणाला अपमान वाटत नाही. वाचायला शिकवणं हे त्यापेक्षा सोपं काम आहे असं आपण गृहीत धरलंय, म्हणून तिथे कुणी वाक्य हातात दिलं की राग येतो. माझा अनुभव असा की पुढचं अक्षर कुठलं, उदाहरण कुठलं, हा विचार डोक्यातून गेला की नजर मोकळी होते आणि समोरच्या मुलावर जाते. कोण ओठ नुसते हलवतंय, कोण 'भ' आणि 'म'मध्ये फसतंय, हे मला तेव्हाच दिसायला लागलं.

एका विरोधाबद्दल मात्र मला मनापासून आदर आहे. एका सुरात म्हणायला लावणं म्हटलं की आपल्या समाजाला पंतोजींची शाळा आठवते, छडी आठवते, आणि ज्यांच्या आजोबांना वर्गाबाहेर बसवलं त्यांना तर आणखी बरंच आठवतं. इतिहासही त्यांच्या बाजूनं बोलतो. अँड्र्यू बेल मद्रासच्या अनाथाश्रमात काम करत असताना त्यांनी इथल्या गावठी शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली, आणि १७९७ पासून ती मद्रास पद्धत इंग्लंडमध्ये पसरली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, एक मास्तर शेकडो पोरांना पुरायचा, आणि तिचं आकर्षण मुख्यतः स्वस्तपणाचं होतं. पुढे १८६२ पासून तिथे मुलांच्या परीक्षेवर शाळेचं अनुदान ठरायला लागलं तेव्हा मुलांनी वाचनाची अख्खी पुस्तकं पाठ केली, तपासनिसासमोर घडाघडा म्हणून दाखवली, आणि वाचता येतंय असं कागदावर लागलं. ही भीती खरी आहे. पाठ लिहून दिला, वरून शंभर टक्के निपुणचा अहवाल मागितला आणि कमी आला तर नोटीस काढली, तर आपल्याकडेही हेच होणार. पण पाठांतर आणि हा पाठ यातला फरक एका मिनिटात तपासता येतो. जे शब्द कधी दाखवलेच नाहीत ते समोर ठेवा. अक्षरं शिकलेलं मूल 'कमर' पहिल्यांदा बघून वाचतं, घोकलेलं मूल गप्प बसतं. आणि छडीचं म्हणाल तर ज्या पाठात चुकणं हा शिकवण्याचा दोष मानलाय तिथे मारायला कारणच उरत नाही.

सगळ्यात जड मुद्दा शेवटी ठेवला कारण त्यावर माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. वारली, कातकरी, पावरी, गोंडी बोलणाऱ्या मुलाला 'मामाला मका' वाचता आलं तरी त्याला शाळेची मराठी आली का? पालघरमधल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरला पहिली ते तिसरीच्या मुलांमागे काही वर्षं राहून एक अभ्यास झाला, त्यात हेच दिसलं की वर्गाचा वेळ अक्षरं गिरवण्यात आणि फळ्यावरून उतरवण्यात जातो, बोलणं आणि अर्थ मागे पडतो, आणि एवढं करून पुष्कळ मुलांना वाचताही येत नाही. मी यातून असं घेते की अक्षरांसाठी वीस-पंचवीस मिनिटं नेमकी आणि घट्ट ठेवायची, म्हणजे उरलेला दिवस मुलांच्या भाषेत गप्पा, गोष्टी, मोठ्यानं वाचून दाखवणं यासाठी सुटतो. तो उरलेला दिवस कुणी लिहून देऊ शकत नाही आणि देऊही नये, तिथे बाईंना त्या पाड्यावरची भाषा यायला हवी आणि त्या मुलांची शेतं, सण, माणसं माहीत हवीत. माझी गोष्टीची पुस्तकं पण तिथेच परत आली. पण अर्थ महत्त्वाचा म्हणून अक्षरं आपोआप येऊ द्या, हे मी आता मान्य करत नाही, कारण कुणाला ती आपोआप येतात ते मी बघितलंय. ज्यांच्या घरी आई रात्री पुस्तक वाचते, जिना चढताना पाटीवरची अक्षरं विचारते, त्यांना. त्यांच्या घरी सगळा पाठ आईनं घेऊन झालेला असतो आणि श्रेय शाळेच्या मोकळ्या वातावरणाला जातं. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं की सरकारचा पैसा आणि लक्ष वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातंय आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची आबाळ होतेय. पहिलीतलं वाचन घरच्या भरवशावर सोडणं ही त्याच आबाळीची आजची आवृत्ती आहे असं मला वाटतं.

२०२५ च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत पहिलीपासून तिसरी भाषा कुठली यावर अख्खा महाराष्ट्र भांडला, जीआर निघाले, मोर्चे ठरले, २९ जूनला जीआर मागे घेतले. भांडण योग्यच होतं, मीही त्यात होते. पण त्यातला दहावा हिस्सा जोर तरी, पहिली भाषा वाचायला कशी शिकवायची यावर लागायला नको का?

माझी मागणी छोटी आहे. एक तालुका घ्या, तयार असलेल्या शिक्षकांना घ्या, सक्ती नको. त्या शिक्षकांनाच लिहायला बसवा, पाठ मुलांसमोर घेऊ द्या, अडेल तिथे त्यांनाच बदलू द्या. त्या वर्षापुरते बाकीचे तक्ते नि ऑनलाइन माहिती भरणं बंद करा. जूनमध्ये सुरू करा आणि दिवाळीच्या सुट्टीआधी बाहेरून आलेल्या माणसानं प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून, शिकवलेल्या अक्षरांचे पण कधी न दाखवलेले वीस शब्द वाचायला द्यावेत. शेजारच्या तालुक्यातल्या मुलांनाही तेच शब्द द्यावेत. आणि त्या कागदावर कुठेही चित्र नको.